डब्याच्या तुणतुण्याचा सूर उतरत राहतो: कुठे पाहायचं, काय बदलायचं

दूध पावडरचा पत्र्याचा डबा, बाजूला बांबूची काठी, तळातून निघून वर खुंटीपर्यंत गेलेली एक तार. शाळेतल्या पोवाड्यासाठी, गणपतीतल्या कार्यक्रमासाठी किंवा घरी गळा तयार करताना आधार म्हणून असं तुणतुणं बनवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. सूर लावला, दोन कडवी झाली, की तार उतरलेली. पुन्हा पिळली, पुन्हा उतरली. शेवटी एक तर तार तुटते, नाही तर डब्याचा तळ आत ओढला जातो.

दुसऱ्या वाद्यात हे थोडंफार चालून जातं. तुणतुण्यात नाही. गोंधळ्याच्या संबळाशेजारी असो, शाहिराच्या डफामागे असो की तमाशात मागून सूर धरणाऱ्या सुरत्याच्या हातात असो, तुणतुण्याला एकच काम असतं: गाणाऱ्याचा षड्ज (सा) धरून ठेवायचा. तो सुटला तर वाद्य नुसतं निरुपयोगी होत नाही, मागून साथ देत गाणाऱ्या झीलकऱ्यांनाही खाली ओढतं. म्हणून हा दोष "घरगुती वाद्य आहे, एवढं चालायचंच" म्हणून सोडू नये. डब्याचं तुणतुणं तासभर सूर धरू शकतं, आणि त्यासाठी महागडं काही लागत नाही.

आधी ताण कुठून कुठे जातो ते पाहा

मूळ तुणतुण्यात लाकडाचं पोकळ नळकांडं असतं, तळाला चामडं आणि बाजूला काठी. डब्याच्या तुणतुण्यात डब्याचा तळच चामड्याचं काम करतो. तार तळाच्या मध्यावर अडकते, डब्याच्या पोटातून वर येते आणि थोडी तिरकी होऊन काठीवरच्या खुंटीला जाते. म्हणजे खुंटी पिळून आपण जो ताण देतो तो तार, तारेचं खालचं टोक, तळ, डब्याची भिंत, काठीचा जोड, काठी असा फिरून परत खुंटीला येतो. यातल्या कोणत्याही ठिकाणी केसभर जागा सुटली की सूर उतरतो.

केसभर हे इथे अक्षरशः माप आहे. पाव मिलिमीटर जाडीची पोलादी तार, तळापासून खुंटीपर्यंत ६० सेंमी, सूर २२० हर्ट्झ (खालच्या सप्तकातली पांढरी सहा) असं धरा. एवढी ताणल्यावर ती तार मोकळ्या अवस्थेपेक्षा फक्त १.६ मिमी लांब झालेली असते. सगळा सूर या दीड-पावणेदोन मिलिमीटरमध्ये आहे. त्यातलं ०.१ मिमी, म्हणजे एका जाड केसाएवढं अंतर, कुठे सैल झालं तर ताण सहा टक्क्यांनी घटतो आणि सूर जवळजवळ ५० सेंटने, म्हणजे निम्म्या अर्धस्वराने, खाली येतो. डब्याचा तळ आणि काठी स्वतः थोडी लवचिक असतात, त्यामुळे प्रत्यक्षात उतार यापेक्षा काहीसा कमी पडतो. पण कान दुखायला तेवढा पुरतो.

म्हणून नुसती खुंटी घट्ट करून हा प्रश्न सुटत नाही. लोक आधी खुंटीवर राग काढतात. खुंटीही दोषी असू शकते, पण तिला एकटीला धरून बसलं की बाकीच्या जागा तशाच राहतात.

सूर कसा उतरतो ते ऐका

तार सुरात लावा, फोनवरचा ट्यूनर चालू ठेवा आणि वीस मिनिटं थोड्या थोड्या वेळाने छेडत राहा. उतरण्याची पद्धत दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी सांगते.

पहिल्या पाच-दहा मिनिटांत भरभर उतरला आणि मग थांबला, तर तारेचे वेढे आणि खालचं टोक अजून बसत आहेत. हा दोष नाही, नव्या तारेचं रुळणं आहे. तासन्तास हळूहळू आणि न थांबता उतरत असेल तर तारच चुकीची आहे, किंवा जोडाखालचं लाकूड दबत आहे. मध्येच "टक्" आवाज होऊन एकदम उतरला तर तळाचा पत्रा आत उडाला किंवा खुंटी निसटली. प्रत्येक ठोक्याला सूर वर जातो आणि लगेच परत त्याच जागी येतो, ही वेगळीच गोष्ट: काही निसटलेलं नाही, तार गरजेपेक्षा ढिली आहे आणि ठोका जोरात आहे. सावलीतून उन्हात किंवा खोलीतून मंचावरच्या दिव्यांखाली नेल्यावरच उतरत असेल तर उष्णता कारण आहे.

याच वेळी बॉलपेनने तीन खुणा करून ठेवा. खुंटीच्या दांड्यावरून काठीवर जाणारी एक रेघ, काठीच्या कडेने डब्यावर एक रेघ, आणि तळाला तार जिच्यात अडकवली आहे त्या चकतीच्या किंवा वॉशरच्या कडेने एक गोल. वीस मिनिटांनी पाहा. खुंटीवरची रेघ तुटून दोन तुकडे इकडेतिकडे झालेले दिसले तर खुंटी फिरली. काठीची रेघ डब्यावर तिरकी उघडी पडली तर जोड हलला. तिन्ही खुणा जागच्या जागी असूनही सूर उतरला असेल तर तार किंवा तळ.

तार: जाड घेऊन उपयोग नाही

सगळ्यांत जास्त चूक इथे होते, म्हणून थोडं थांबून समजून घ्या. सळ्या बांधायची बाइंडिंग तार, जुन्या मोटारच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार, कुंपणाची तार, जे हाताशी येईल ते लावलं जातं. ती उतरते किंवा तुटते. मग "पातळ होती म्हणून" असं समजून त्याहून जाड तार आणली जाते. तीही उतरते.

कारण असं की तारेच्या दर चौरस मिलिमीटरवर किती ताण पडणार हे तिच्या जाडीवर ठरतच नाही. ते ठरतं लांबीवर, सुरावर आणि धातूच्या घनतेवर. जाडी दुप्पट केली तर तार चौपट जड होते, त्याच सुराला आणायला चौपट ओढावी लागते, आणि ती ओढ चौपट क्षेत्रफळावर वाटली जाते. हिशोब तिथल्या तिथे. ६० सेंमी लांबी आणि २२० हर्ट्झसाठी पोलादाच्या कुठल्याही तारेवर दर चौरस मिमीला सुमारे ५६ किलोचा भार येतो. सळ्या बांधायची तार मुद्दाम भट्टीत मऊ केलेली असते, म्हणजे हाताने पिळता यावी म्हणून. ती साधारण ३० ते ५५ किलोलाच हार मानते. तुटली नाही तरी ती चिंगमसारखी लांबत राहते, आणि आपल्याला वाटतं खुंटी सुटतेय. मऊ तांब्याची मजल तर २२ किलोच्या आसपास. त्या लांबीत ती १३० हर्ट्झच्या वर जाऊच शकत नाही. वाद्याची पोलादी तार २०० किलोच्याही वर सहन करते. म्हणून तीच हवी.

वाद्यांच्या दुकानात गिटारची सुटी पहिली तार मागा, ०.००९ किंवा ०.०१० इंचाची (०.२३ किंवा ०.२५ मिमी). तिच्या एका टोकाला पितळेचा छोटा गोल मणी असतो. तो आपल्याला फार कामाला येणार आहे. ०.००९ च्या तारेला वरच्या हिशोबात सुमारे २.३ किलोची ओढ लागते, ०.०१० ला २.८ किलो. सतारीची बाजाची (मुख्य) तार साधारण ०.३० मिमी असते, तिला ३.९ किलो लागतात. तार टिकेल, पण पत्र्याचा तळ टिकेल असं नाही. आवाज मोठा हवा म्हणून जाड तार लावण्याआधी हे लक्षात घ्या: इथे जाड तारेचा भार तारेवर पडत नाही, डब्यावर पडतो.

स्कूटरच्या क्लच वायरचा एक पदर सोडवून लावायची जुनी युक्ती आहे. मजबुतीला तो पदर उत्तम असतो, पण केबलमध्ये पिळलेला असल्यामुळे त्याला नागमोडी वळण राहतं. ते वळण ताणाखाली दिवसभर सरळ होत जातं आणि तेवढा सूर उतरत जातो. तोच वापरायचा असेल तर आधी एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं पकडीत धरा आणि तार काही वेळ घट्ट ताणून ठेवा. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) मात्र मुलांच्या हाताला मऊ म्हणून ठीक आहे. ती दोन-तीन दिवस उतरतच राहते आणि दमट हवेत पुन्हा बदलते. षड्ज धरायच्या वाद्याला तंगूस लावू नये.

खालचं टोक आणि तळाचं भोक

तार बहुतेक वेळा इथेच तुटते, आणि उतरतेही इथेच. खिळा बाहेरून ठोकून तळाला भोक पाडलं की पत्र्याची दातेरी कड आतल्या बाजूला उभी राहते. बोटाने चाचपलं तर लगेच कळतं. तार थरथरते तेव्हा त्या दातांवर घासते. काही दिवसांनी तार काढून उजेडात धरली तर भोकाजवळ एक चकचकीत चट्टा दिसतो. तिथेच ती पुढच्या वेळी तुटणार.

उपाय सोपा आहे. पत्र्याचं भोक मोठं करा आणि तार पत्र्याला शिवूच देऊ नका. डब्यात लाकडाचा ठोकळा घालून तळाच्या बरोबर मध्यावर ३ मिमीचं भोक ड्रिलने पाडा. नंतर ६-८ मिमीचं ड्रिल बिट नुसतं हातात धरून दोन्ही बाजूंनी दोन-चार वेळा फिरवा, म्हणजे कड साफ निघते. आता तळाच्या बाहेरून लावायला नारळाच्या करवंटीची चकती करा: २० मिमी व्यास, साधारण ३ मिमी जाडी, मध्यावर १ मिमीचं भोक. करवंटीला बाक असतो म्हणून जी बाजू पत्र्याला लागणार ती सँडपेपरवर घासून सपाट करून घ्या. तार चकतीतून आणि तळातून आत ओवा. पितळेचा मणी चकतीच्या बाहेर अडकतो. गाठ नाही, पीळ नाही. पोलादी तारेला कपड्याच्या दोऱ्यासारखी गाठ मारली की ती गाठ दिवसेंदिवस आवळत जाते आणि वाकवलेल्या जागी तार कमजोर होते.

करवंटीच का? लोखंडी वॉशर त्याच व्यासाचा घेतला तर तो ३ ग्रॅमच्या आसपास भरतो, करवंटीची चकती सुमारे १ ग्रॅम. तळाच्या मध्यावर जितकं वजन कमी तितका आवाज मोकळा. कोटाचं प्लास्टिकचं बटणही लोक लावतात, पण मणी त्यात रुतत जातो आणि ऊन लागलं की अधिकच. काहीजण तळाशी डोळ्याचा बोल्ट (आय बोल्ट) आणि बाहेरून पाकळ्यांचा नट (विंग नट) लावून तिथूनच बारीक सूर लावायची सोय करतात. कल्पना हुशारीची आहे, पण पाच-सहा ग्रॅमचं लोखंड तळाच्या मध्यावर टांगलं की तुणतुण्याचा तो खणखणीत "तुण्ण" जातो आणि नुसती धपधप उरते. बारीक सुराची सोय वर करावी. ती पुढे सांगितली आहे.

तळाचा पत्रा

डबा निवडताना अर्धं यश असतं. तळाला दाबून काढलेल्या गोल वळ्या असतात ते डबे ताण चांगला धरतात, कारण त्या वळ्यांमुळे पत्रा ताठ होतो. कड दुहेरी मुडपलेली हवी. १० सेंमीच्या आसपास व्यासाचा अर्ध्या किलोचा पावडरचा डबा सुरुवातीला सर्वांत चांगला. किलोच्या मोठ्या डब्याला घुमारा जास्त येतो, पण तळ रुंद म्हणून लवतोही जास्त. थंड पेयाचे ॲल्युमिनियमचे डबे बाद. ओढून उघडायचं झाकण असलेली बाजू तळ म्हणून वापरू नका. तिथे पत्रा आधीच ओरखडलेला असतो आणि ताणाने त्या रेषेवर फाटतो.

तपासणी: तार ढिली असताना तळावर पट्टी आडवी ठेवा आणि मध्यावर किती फट आहे ते पाहा. तार सुरात लावून पुन्हा पाहा. तळ मिलिमीटरभर आत जाणं स्वाभाविक आहे. आता तार परत ढिली करा. तळ पहिल्या जागी आला तर सगळं ठीक. नाही आला, मध्ये खळगा राहिला, तर पत्रा कायमचा वाकला आहे आणि प्रत्येक वेळी थोडा थोडा वाकत जाणार. तो हातोडीने सरळ करण्यात अर्थ नसतो; सरळ केलेला पत्रा आणखी मऊ वागतो आणि "टक्" करून आतबाहेर उडायला लागतो.

डबा बदला, पण त्याआधी ओढ कमी करा, नाही तर दुसऱ्या डब्याचंही तेच होईल. सूर तोच ठेवून ओढ कमी करायचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे तार आखूड करणं. ओढ लांबीच्या वर्गाने बदलते. ६० सेंमीची तार ५० सेंमीवर आणली की त्याच सुराला सुमारे ३० टक्के कमी ओढ पुरते, ०.०१० ची तार २.८ किलोऐवजी १.९५ किलोवर बोलते. शाहीर काळी एकमध्ये, वरच्या सप्तकात, २७७ हर्ट्झवर सूर मागत असेल तर ६० सेंमीच्या त्याच तारेला साडेचार किलो लागतील, आणि एवढं पत्र्याच्या तळाकडून मागू नये. तिथे तार ४८-५० सेंमीच हवी आणि ०.००९ ची. पण आखूड करायलाही मर्यादा आहे. ओढ दीड किलोच्या खाली गेली की प्रत्येक ठोक्याला सूर चढून मग खाली येऊ लागतो. तो लोंबता सूर गंमत म्हणून छान, धरून ठेवायला नाही.

काठीचा जोड

तार डब्याच्या मध्यातून येते आणि काठी डब्याच्या बाहेर आहे. मध्ये पाच-सहा सेंमीचं अंतर. त्यामुळे दोन-अडीच किलोची ओढ काठीला सरळ खाली दाबत नाही, डब्याच्या तोंडावर झुकवते. काठीचा वरचा भाग डब्याच्या ओठावर टेकून आत दाबतो आणि खालचा बोल्ट पत्र्याला बाहेर ओढतो. एकच बोल्ट असेल तर काठी त्याच्याभोवती फिरते, आणि ती फिरतेय हे डोळ्यांना दिसतही नाही.

दोन बोल्ट लावा, ४ मिमीचे, एकमेकांपासून निदान ८ सेंमी. वरचा ओठापासून २ सेंमी खाली. आतून नुसते वॉशर लावून भागत नाही. पाव मिलिमीटरचा पत्रा वॉशरभोवती वाकतो. आतल्या बाजूला ६ मिमी प्लायची ११-१२ सेंमी लांब आणि अडीच सेंमी रुंद पट्टी घाला, तिची पत्र्याकडची बाजू कानशीने किंचित गोलसर करा, आणि दोन्ही बोल्ट त्या पट्टीतून काढा. बोल्टची लांबी ४० मिमी पुरते. नटांवर दुसरा नट चढवा, म्हणजे थरथरीने सैल होत नाहीत.

डब्याचा ओठ कधीही कापू नका. झाकण बसायची जी पत्र्याची कडी तोंडात असते ती डब्याला गोल ठेवते. ती काढून तोंड मोकळं केलं की सूर लावताना डबा लंबगोल होतो. संशय असेल तर तोंडाचा आतला व्यास काठीच्या दिशेने आणि तिच्या आडव्या दिशेने, असा दोनदा मोजा, आधी तार ढिली ठेवून आणि मग सुरात लावून. दोन मिलिमीटरचा फरक पडला तर डबा आकार बदलतोय.

काठी अडीच सेंमी जाडीचा, पूर्ण वाळलेला बांबू हवा. ओला बांबू वाळताना आक्रसतो आणि आज घट्ट केलेले बोल्ट महिन्याने खुळखुळतात. कोकणात माणगा जातीचा बांबू मिळत असेल तर तोच घ्या. तो जवळजवळ भरीव असतो, बोल्ट आवळले तरी चिरडत नाही. पोकळ बांबू असेल तर बोल्टच्या जागी आत लाकडाचा गोल तुकडा फेविकॉल लावून ठोका, एक दिवस वाळू द्या, मग भोकं पाडा. १२ मिमीची बारीक गोल काठी किंवा झाडूचा दांडा बरा दिसतो, पण जाडी निम्मी झाली की काठी सोळाव्या हिश्शाइतकीच ताठ राहते. ती वाकलेली दिसेपर्यंत वाट पाहू नका.

खुंटी

१० मिमी जाड खुंटी फक्त एक अंश फिरली तर तार जवळजवळ ०.०९ मिमी सुटते. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश जातो, यावरून एक अंश म्हणजे किती ते कळेल. म्हणून खुंटी भोकात नुसती घट्ट असून चालत नाही, ती निमुळती हवी आणि भोकही तसंच निमुळतं, म्हणजे पिळताना आत दाबली की बसते. भोक सरळ आणि खुंटी निमुळती असेल तर खुंटी एकाच कडेवर टेकते. तपासायला खुंटीवर खडू घासा, भोकात फिरवा आणि बाहेर काढा. दोन्ही भिंतींच्या जागी खडू सर्वत्र सारखा पुसला गेला असेल तर बरोबर. एकाच बाजूला बारीक कडं उमटलं असेल तर भोक गोल कानशीने निमुळतं करा. निसटणाऱ्या खुंटीला खडू, अडकणाऱ्या खुंटीला कोरडा साबण. तेल कधीच नाही.

भोक बांबूच्या गाठीच्या जवळ घ्या. दोन गाठींच्या मध्यावर घेतलं की पहिल्याच जोरात बांबू उभा चिरतो. भोकाच्या वर आणि खाली दोऱ्याचे दहा-बारा वेढे देऊन त्यावर फेविकॉल फासा. तार गुंडाळायची जागा ६ मिमीपर्यंत बारीक केली तर सूर लावणंही सोपं जातं, कारण तेवढ्याच वळणाला तार कमी सरकते. वेढे चारच द्या, पहिला वेढा मोकळ्या टोकावरून जाऊ द्या म्हणजे तो त्याला दाबून धरतो. दहा-बारा वेढे एकमेकांवर चढवले की ते दिवसभर एकमेकांत रुतत राहतात. लाकडी खुंटी जमतच नसेल तर गिटारची एक चावी लावा. दातेरी चाकामुळे ती मागे फिरत नाही. दिसायला पारंपरिक नाही, पण सुराला इमानदार आहे.

बारीक सुरासाठी खुंटीच्या खाली दोन-तीन सेंमीवर जाड दोऱ्याचं किंवा चामड्याच्या बारीक पट्टीचं एक कडं काठी आणि तार यांच्याभोवती घट्टसं बांधा. हे कडं खाली सरकवलं की ते तारेला काठीकडे अधिक ओढतं, तार थोडी आखूडही होते, आणि सूर अगदी किंचित चढतो. कार्यक्रम चालू असताना खुंटीला हात न लावता तेवढा सूर सावरता येतो.

नवी तार बसवल्यावर

तार सुरात आणा. मग डब्याच्या ओठापासून हातभर वर तिला दोन बोटांनी धरून हलकेच बाजूला ओढा, सोडा. सूर उतरेल. पुन्हा लावा, पुन्हा ओढा. पाच-सहा वेळा असं केलं की उतरणं जवळजवळ थांबतं. रात्रभर सुरात ठेवून सकाळी एकदा लावली की ती तार कामाची झाली. कार्यक्रमाच्या दिवशी नवी तार चढवू नये. तार ताणताना चेहरा तिच्या रेषेत आणू नका, मुलांना चष्मा घालायला लावा; पोलादी तार तुटली की डोळ्याच्या उंचीवरून जाते.

थोडक्यात निपटणाऱ्या गोष्टी

ट्यूनर एक सप्तक वरचा सूर दाखवतो, आणि माणूस घाबरून तार निम्म्यावर आणतो. थांबा. तुणतुण्यात तार तळाला जवळजवळ काटकोनात ओढते. तार डावीकडे गेली तरी तळ ओढला जातो, उजवीकडे गेली तरी ओढला जातो. म्हणजे तारेच्या एका फेऱ्यात तळ दोनदा हलतो. त्यामुळे डब्याच्या आवाजात वरच्या सप्तकातला सूर जोरकस असतो. हा बिघाड नाही, तुणतुण्याच्या त्या चिरक्या, गर्दीतून आरपार जाणाऱ्या आवाजाचं एक कारण हेच आहे. कोणतं सप्तक ते कानाने, पेटीच्या सुराशी ताडून ठरवा.

झणझण किंवा खरखर येत असेल तर चकती पत्र्यावर सपाट बसली नाही, खुंटीवरचं तारेचं शेपूट डब्याला किंवा काठीला लागतंय, किंवा आतला एखादा नट सैल आहे. एकेक जागा बोटाने दाबून धरा आणि छेडा. जिथे दाबल्यावर आवाज साफ होतो ती जागा दोषी.

उन्हात सूर उतरतो कारण बारीक तार क्षणात तापते आणि लांबते, बांबू तिच्यामानाने फारच कमी. मंचावर जायच्या दहा मिनिटं आधी वाद्य तिथल्या हवेत, तिथल्या दिव्याखाली नेऊन ठेवा आणि मगच लावा. पत्र्याच्या तळाला पावसाळ्याचं भय नाही. तळ कापून चामडं चढवलं असेल तर मात्र ते दमट हवेत ढिलं पडणार. हलगी शेकतात तसं त्यालाही हलक्या धगीवर धरावं लागेल, आणि तेव्हा तार आधी थोडी ढिली करा, कारण शेकताना चामडं तारेला स्वतःच ओढतं.

तारेवर गंज दिसला की पुसत बसू नका, बदला. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने एकदा वरपासून खालपर्यंत पुसायची सवय ठेवली तर तार महिनोन्महिने टिकते. महिनाभर वाद्य ठेवून द्यायचं असेल तर खुंटी किंचित ढिली करा, पूर्ण सोडू नका. पूर्ण सोडली की वेढे सुटतात, मणी चकतीतून निसटतो, आणि पुढच्या वेळी तार पहिल्यापासून रुळवावी लागते.